‘मी बंगई ओगरच्या गुडघ्यावर सोडते’ : पुस्तकात नसलेल्या डावाला जागेवर नियम कसा लावायचा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकमध्ये गंगापूर रोडला एका मित्राच्या फ्लॅटवर रविवारची दुपार, बाहेर धो धो, आत आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत (फासे टाकून एकत्र गोष्ट रंगवायचा गेम), मध्ये चिवड्याचं ताट आणि त्या चिवड्यात हरवलेला एक डी४, म्हणजे चार बाजूंचा फासा. मी पहिल्यांदाच डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, झालो होतो. गोष्ट घडत होती एका जुन्या वाड्यात, म्हणजे आपल्या पंचवटीत असतात ना तसाच, चौक, ओसरी, लाकडी खांब, आणि ओसरीत पितळी कड्यांची जाडजूड बंगई, म्हणजे झोपाळा. वर्णन करताना बंगई मी उगाच टाकली होती, वातावरण म्हणून. दाराशी ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, उभा. फायटर, म्हणजे लढवय्या, खेळणारी मैत्रीण म्हणाली, "मी बंगई मागे पार भिंतीपर्यंत ओढते आणि ओगरच्या गुडघ्यावर सोडते."

सगळे "ओ भारी!" करून ओरडले आणि माझी वाट लागली. पुस्तक उघडलं, पानं चाळली, बंगईचा नियम काय सापडणार कप्पाळ. शेवटी म्हटलं आधी ॲथलेटिक्स रोल कर बंगई ओढायला, मग नेम लागला का ते अटॅक रोल, आणि मग ओगरचा सेव्ह, म्हणजे वाचायला त्याने टाकायचा फासा. ती पहिला पास झाली, दुसरा पास झाली, तिसऱ्याला ओगर वाचला. झालं, काहीच नाही. पूर्ण टर्न वाया. त्यानंतर अख्ख्या सेशनमध्ये ती फक्त एकच वाक्य बोलली, "मी तलवारीने मारते." दर टर्नला. सारख्याच आवाजात.

चूक तिची नव्हती, ओगरची तर अजिबात नव्हती. तर ज्यांना नुकतंच डीएमच्या खुर्चीत बसवलंय आणि पुढच्या रविवारी कोणीतरी असलं काहीतरी बोलणारच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे आहेत कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, आणि त्याच्या मूळ नियमांचा बराच भाग एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) नावाने फुकट मिळतो, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली, त्यामुळे पुस्तक नाही हे कारण सांगू नका. पद्धत मात्र कुठल्याही गेमला चालेल.

सुरुवातीला : हा डाव आधीच पुस्तकात आहे का ते बघा

पुस्तकात नाही असं वाटणारे निम्मे डाव पुस्तकात असतात, फक्त नाव वेगळं असतं. आमच्यातला एक जण लहानपणी तालमीत जायचा, तो कुस्तीच्याच भाषेत बोलतो, "पट काढतो", "धोबीपछाड मारतो", "मागून कवळी घालतो". मी सुरुवातीला प्रत्येकाला वेगळा नियम शोधत बसायचो. मग लक्षात आलं, पट काढणं म्हणजे शव्ह (ढकलणं), समोरचा आडवा, प्रोन. कवळी म्हणजे ग्रॅपल (धरून ठेवणं). धोबीपछाड म्हणजे आधी पकडलेल्याला आपटणं, म्हणजे ग्रॅपल झालेल्यावर शव्ह. वर्णन त्याचं, यंत्र पुस्तकातलं.

इथे एक लोचा आहे तो माहीत असू द्या, पाचव्या एडिशनचीच दोन पुस्तकं आहेत. २०१४ च्या पुस्तकात ग्रॅपल-शव्हला दोघांनी फासा टाकायचा असतो, तुमचं ॲथलेटिक्स विरुद्ध त्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स. २०२४ च्या पुस्तकात ते बदललं, आता समोरचा स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्सटेरिटी (चपळाई) सेव्ह करतो, कुठला ते तोच ठरवतो, आणि डीसी, म्हणजे डी२० च्या फाशात आपला आकडा मिळवून जेवढं गाठायचं ते, असतो ८ अधिक तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीचा अधिक-उणे आकडा) अधिक प्रोफिशियन्सी (सरावाचा आकडा). एकाच टेबलवर दोन जणांकडे दोन पुस्तकं असली की इथे हमखास भांडण, त्यामुळे पहिल्याच दिवशी कुठलं ते ठरवा. ८ अधिकवाला फॉर्म्युला मात्र पाठ करून ठेवा, पुढे फार कामाला येतो. हातातलं शस्त्र पाडायचं असेल तर २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक नियम आहे, आणि पाटा, खुर्ची, कंदील काहीही उचलून मारलं तर इम्प्रोव्हाइज्ड वेपन, एक डी४. बास.

शोधायला एक मिनिट द्या. खरंच एकच. दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी मोबाइल काढतो आणि मग ती लढाई संपली समजा.

मग विचारा : "तुला नक्की काय व्हायला हवंय?"

हा प्रश्न विचारायची सवय लागली की अर्धं काम झालं. खेळणारा सांगतो हात-पाय काय करतायत ते, आपल्याला हवा असतो परिणाम. बंगईच्या वेळी मी हे विचारलंच नाही. नंतर कळलं तिला ओगरला मारायचंच नव्हतं, तिला तो दारातून बाजूला व्हायला हवा होता म्हणजे बाकीचे पळू शकतील. मी तीन रोल मागून बसलो ते डॅमेजच्या नादात.

"गळ्यावर वार करतो", "डोकं उडवतो" हेही याच प्रश्नाने सुटतं. नवीन लोक दर टर्नला डोकं उडवतात. विचारा, काय हवंय? "मरायला हवा." अरे बाबा, प्रत्येक वार त्यासाठीच असतो, हिट पॉइंट (किती जीव उरला तो आकडा) म्हणजे तेच तर मोजतायत. साधा अटॅक कर, ज्या वाराने तो शून्यावर येईल त्या वाराला डोकं उडवल्याचं वर्णन तू कर, मी गप्प बसतो. पण कोणी म्हणालं की डोळ्यावर मारून त्याला आंधळा करायचाय, किंवा पायावर मारून वेग कमी करायचाय, तर तो खरा वेगळा डाव, त्याला नियम लागेल.

रोल एकच

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नव्वद टक्के डाव इथेच मरतात (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही).

साधा हिशोब बघा. तुमच्या फायटरला साध्या अटॅकला ६० टक्के चान्स आहे. तुम्ही म्हणालात, खांबावरून उडी मारायला एक रोल, मग वार करायला दुसरा, दोन्हीला ६० टक्के. साठातले साठ टक्के म्हणजे ३६. तिसरा रोल लावला तर २२ च्या आसपास. म्हणजे ज्याने डोकं चालवलं त्याला शिक्षा आणि जो नुसता "मारतो" म्हणाला त्याला बक्षीस. मग कोण कशाला डोकं चालवेल?

म्हणून एकच रोल ठरवा, आणि तो असा निवडा की ज्यात खरी शंका आहे त्याच गोष्टीचा. आमची फायटर तगडी आहे, बंगई ओढणं तिला अवघड नाही, तिथे फासा कशाला? बंगई ओगरएवढ्या धिप्पाड गड्याला लागणार, चुकणार कशी? शंका एकच, की तो वेळेत बाजूला होतो का. मग फक्त त्याचा सेव्ह. तिची स्ट्रेंग्थ अधिक ३, प्रोफिशियन्सी २, आपला ८ अधिकवाला फॉर्म्युला, डीसी १३.

आता कुठला सेव्ह हे तुमच्या हातात आहे आणि त्याने किती फरक पडतो बघा. ओगरची स्ट्रेंग्थ अधिक ४, म्हणजे त्याने बंगई छातीवर झेलली असं म्हणालात तर फाशावर ८ किंवा कमी पडलं तरच तो फसतो, ४० टक्के. पण त्याची डेक्सटेरिटी उणे १, आणि धावत्या बंगईपासून बाजूला होणं हे चपळाईचंच काम आहे, मग १३ पर्यंत काहीही पडलं तरी फसला, ६५ टक्के. दोन्ही बरोबर आहेत. पण खेळणाऱ्याने जर समोरच्याचं वैगुण्य ओळखून डाव टाकला असेल, बोजड ओगरवर वेगाची गोष्ट फेकली असेल, तर त्याला त्याचा फायदा मिळालाच पाहिजे, नाहीतर विचार करण्यात अर्थच काय राहिला.

दोन रोल अगदीच टाळता येत नसतील तर पहिला रोल पास झाल्यावर दुसऱ्याला ॲडव्हान्टेज द्या, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा. ११ लागत असेल तर ५० चे थेट ७५ टक्के होतात. आणि पहिला फेल झाला तरी दुसरा टाकू द्या, साधा. उडी चुकली, पण तलवार हातात आहेच की.

डीसी किती? दुतोंड्या मारुतीला विचारा

पुस्तकातली पट्टी अशी : ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, २५ फार अवघड, ३० जवळपास अशक्य. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी टेबलवर १७ की १८ यावर आपण अडतो. १७-१८ करूच नका. तीन आकडे पुरतात, १०, १५, २०.

आमच्याकडे हे सुटलं ते पुरामुळे. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी किती चढलं ते क्युसेकमध्ये थोडीच सांगतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं, असंच सांगतो आणि समोरच्याला बरोबर कळतं, घाटावर जायचं का नाही ते. मी पुरात एक लढाई ठेवली होती, पोहत जाऊन नावेतल्या चोराचा पाय ओढायचा होता. कोणीतरी विचारलं पाणी किती आहे, मी म्हटलं मारुतीच्या कमरेला. "म्हणजे १५", टेबल एका सुरात म्हणालं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक अवघडपणा असाच मोजतात, जुन्या कौलांवरून पळायचंय, किती? गुडघा. पावसात? कंबर. पावसात, रात्री, खांद्यावर जखमी मांत्रिक घेऊन? गळा. ज्या दिवशी मी म्हणतो मारुती बुडाला त्या दिवशी कोणी तो प्रयत्न करत नाही.

समोर जिवंत शत्रू असेल तर मात्र डीसी हवेतून काढू नका, त्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) किंवा सेव्ह वापरा. नाहीतर ओगर आणि चिमुकला गॉब्लिन दोघंही सारखेच लागतात.

काय मिळणार, आणि त्याची किंमत

इथे तराजू एकच : साध्या अटॅकने काय मिळालं असतं? बंगईवालीचंच घ्या. तिच्या दोन हाती तलवारीला अधिक ५, ओगरचा आर्मर क्लास ११, म्हणजे ७५ टक्के लागते, लागली की सरासरी १० डॅमेज. धरा साडेसात दर वारामागे. बंगईला मी आज एक डी१० देईन, सुरुवातीच्या लेव्हलला आजूबाजूच्या वस्तूंनी होणाऱ्या इजेसाठी पुस्तकातही तेवढंच सुचवलंय, सरासरी साडेपाच, ६५ टक्क्यांनी साडेतीनच्या आसपास. म्हणजे डॅमेज निम्म्याहून कमी. पण ओगर आडवा होतो. आडव्यावर पाच फुटांतून मारणाऱ्यांना ॲडव्हान्टेज, उठायला त्याची अर्धी मूव्हमेंट जाते, आणि मुख्य म्हणजे दार मोकळं. हा सौदा मला परवडतो, तिलाही परवडतो. असा असावा. उलट आडवाही झाला आणि डॅमेजही तलवारीपेक्षा जास्त, तर उद्यापासून प्रत्येक वाड्यात ही लोकं आधी बंगई शोधतील.

दुसरा तराजू म्हणजे स्पेल, मंत्र. हे मी मिरची पूड खाऊन शिकलो, म्हणजे आमच्या रोगने खायला घातली. (रोग म्हणजे आजार नाही, चोरट्या स्वभावाचा क्लास आहे. पण या केसमध्ये दोन्ही.) त्याने गॉब्लिनच्या डोळ्यात मिरची पूड फेकली, मी खूश होऊन म्हटलं चल, बोनस ॲक्शन (टर्नमधली जादाची छोटी कृती), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, फेल झाला तर एक मिनिट आंधळा. एक मिनिट म्हणजे दहा राउंड! आंधळ्याचे सगळे वार डिसॲडव्हान्टेजने (दोन टाकून लहान घ्यायचा) आणि त्याच्यावरचे ॲडव्हान्टेजने. पुढच्या सेशनला सगळ्यांच्याच सामानाच्या यादीत मिरची पूड, तालमीतल्या पैलवानाने तर दोन किलो लिहिली होती. घरी जाऊन बघितलं तर डोळे घालवणारा स्पेल दुसऱ्या लेव्हलचा आहे, त्याला अख्खी ॲक्शन लागते, स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींतली एक) जातो आणि शत्रूला दर टर्नला सुटायची संधी मिळते. ते सगळं मी दहा रुपयांच्या पुडीत देऊन बसलो होतो. मांत्रिकवाली तीन आठवडे माझ्याशी नीट बोलत नव्हती, आणि बरोबर होतं तिचं.

आता आमच्याकडे मिरचीचा नियम : पूर्ण ॲक्शन, शत्रूचा सेव्ह, फेल झाला तर त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत आंधळा, आणि एका लढाईत ज्याने एकदा मिरची खाल्ली किंवा बघितली तो सावध, त्याला पुढे ॲडव्हान्टेज. शेवटचं कलम महत्त्वाचं. कुठलाही जुगाड पहिल्यांदा भारी, तिसऱ्यांदा बोअर. वस्तू असेल तर ती मोडू द्या, बंगईची कडी तुटली, संपला विषय.

रोल करायच्या आधी मोठ्याने सांगा

फासा हातात असतानाच सगळं बोलून टाका : "ओगर डेक्स सेव्ह करेल, १३. फसला तर एक डी१० आणि आडवा. वाचला तर बंगई परत तुझ्याकडे येते, तू तिच्या वाटेत आहेस, तुझा पुढचा वार डिसॲडव्हान्टेजने. चालेल?" शेवटचा "चालेल?" गाळू नका. खेळणाऱ्याला नको असेल तर त्याने दुसरं काही करावं, टर्न जात नाही. बऱ्याचदा उत्तर येतं, मी बाजूला उभी राहून सोडते मग? राहा की, मग ताकद कमी, आडवा होईल पण डॅमेज नाही. हा घासाघिशीचा भाग मला स्वतःला लढाईपेक्षा जास्त आवडतो, बुधवारच्या बाजारात भाजी घेतल्यासारखं.

फेल झाल्यावर काहीतरी घडलं पाहिजे, पण थोबाडीत मारल्यासारखं नको. एक आला म्हणून स्वतःचीच तलवार स्वतःच्या पायावर, असले प्रकार नवीन डीएम फार करतात. शिपाईगडी आहे तो, रोज तलवार हातात घेतो.

बाहेरून उसने घेतलेले दोन जुगाड

ॲपोकॅलिप्स वर्ल्ड नावाचा २०१० चा गेम आहे, त्यात दोन डी६ टाकतात, १० किंवा जास्त म्हणजे फत्ते, ७ ते ९ म्हणजे होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ आणि खाली म्हणजे भोगा. तो मधला टप्पा मी डी२० मध्येही घुसवलाय : एक-दोनने हुकलं की विचारतो, देतो, पण काय सोडशील? ढाल हातातून जाईल, चालेल? बहुतेक जण ढाल सोडतात.

डंजन क्रॉल क्लासिक्स नावाच्या दुसऱ्या गेममध्ये तर लढवय्याला दर वाराबरोबर एक वेगळा छोटा फासा असतो, वार लागला आणि त्या फाशावर ३ किंवा जास्त आलं की जी करामत बोलला होता तीही झाली, ढकलणं, शस्त्र पाडणं, काहीही. पहिल्या लेव्हलला तो डी३ असतो, म्हणजे तीनात एकदा. वेगळी ॲक्शन नाही, वेगळा हिशोब नाही. फायटर खेळणारे कंटाळत असतील तर हे एखाद्या रविवारी करून बघा.

आणि डोकं अजिबातच चालत नसेल तेव्हा : साधा अटॅक रोल घ्या, लागला तर शत्रूला निवडू द्या, डॅमेज घेतो का तो डाव सोसतो. जवळपास मेलेला गॉब्लिन डॅमेज घेणार नाही, दरीच्या काठावरचा ढकलून घेणार नाही. आपोआप तोल सांभाळला जातो आणि तुम्हाला काही ठरवावं लागत नाही.

उलटा करून बघा, मग वहीत लिहा

नियम देण्याआधी मनात एकदा म्हणा, हेच गॉब्लिनने खेळणाऱ्यावर केलं तर चालेल? आणि हे मोठ्याने सांगितलेलंही चालतं. "ठीक आहे, पण मग तेही मिरची वापरतील बरं का." पैलवानाने दोन किलोतली पावणेदोन किलो तिथेच खोडली.

लिहायचं मात्र नक्की. दिलेला निकाल त्या दिवसापुरता, हे आधीच बोलून ठेवा, सेशन संपल्यावर चहा पिताना शांतपणे बघायचा आणि मग वहीत उतरवायचा, चुकला असेल तर सरळ चुकलो म्हणायचं आणि पुढच्या वेळेपासून बदलायचा, झालेली लढाई उकरून काढायची नाही. आमची वही शंभर पानी आहे, पहिल्या पानावर बंगई, दुसऱ्यावर मिरची, तीनदा खोडलेली.

सध्या शेवटची नोंद रंगपंचमीची आहे. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे मोठे हौद, माहीत असतीलच, पेशवेकाळापासूनच्या, वर्षभर बुजवलेल्या असतात, रंगपंचमीला उघडतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी. मी लढाईच रहाडीच्या काठावर ठेवली. नोंद अशी : "धप्पा. शत्रू काठापासून पाच फुटांत असेल तर साधा शव्ह, जमला तर तो आत. डॅमेज नाही, रंगाचं पाणी आहे. बाहेर यायला त्याची पूर्ण मूव्हमेंट. त्याच्यासकट स्वतःही उडी मारलीस तर शव्हला ॲडव्हान्टेज, पण मग तूही आत."

खाली पैलवानाने पेन्सिलीने विचारलंय, "ओगरला चालतो का?" शव्ह आपल्यापेक्षा एक साइझ मोठ्यापर्यंत चालतो, ओगर एकच साइझ मोठा, म्हणजे चालतो. रहाडीत मावतो का ते रविवारी बघू.